चिमाबाईचं बोलणं कुणाचं?

मोहिद्दीन मणेर बांगड्या भरायला बसला की बाईच्या हातापेक्षा तिच्या तोंडाकडं त्याचं लक्ष जास्त, असं म्हसवडच्या बायका हसून म्हणायच्या. त्यात वावगं काही नव्हतं. त्याला ऐकायची हौस होती. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या लेकीला कुठलं स्थळ आलं, मुंबईला गेलेला कुणाचा नवरा यंदा तरी यात्रेला येणार का, हे कानावर पडल्याशिवाय त्याच्या हातून काकण पुढं सरकत नसे. ऐकलेलं तो दुसऱ्या उंबऱ्यावर नेऊन सांडत नसे, म्हणून बायकाही मोकळेपणानं सांगत. मात्र एखादी गोष्ट अर्धीच कळली, तर उरलेल्या अर्ध्यासाठी हा गडी पेटी खांद्याला मारून भर उन्हात दोन गावं हिंडून येई.

तरुणपणी त्याला दुसरं एक नाव पडलं होतं. चिमा. सिद्धनाथाच्या यात्रेत गावची पोरं नाटक करायची, त्यात बाईचं काम मोहिद्दीनकडं असायचं. आवाज पातळ, चेहरा नितळ, आणि बायका बोलतात कशा, थांबतात कुठं, पदर कधी सावरतात हे बापाच्या मागं पेटी घेऊन हिंडताना त्यानं टिपलेलं. 'चिमाबाईचा निवाडा' हे आकारामबापूंचं नाटक त्यानं इतक्या गावांत केलं की बाजारात लोक त्याला "काय चिमाबाई, आज काय भाव?" म्हणून हाक मारत.

आकारामबापू म्हणजे त्या मुलखातलं मोठं नाव. म्हसवडपासून दोन कोसांवर खडकाळी नावाचं गाव, तिथले हे. मुंबईला गिरणीत होते. दर साली यात्रेला येताना एक नवं नाटक घेऊन यायचे, स्वतः बसवायचे, स्वतः पाटलाचं नाहीतर फौजदाराचं काम करायचे. सांगलीच्या एका पुस्तकवाल्यानं त्यांची नाटकं छापली, आणि मग साताऱ्यापासून पार जतपर्यंत आकारामबापूंच्या नाटकाशिवाय जत्रा सुनी वाटायला लागली. छप्पन साल उलटलं तसं मात्र नवं नाटक आलं नाही. बापू गिरणी सोडून गावी आले, शेती बघू लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "डोस्कं आटलं गड्या आता. जुनीच करा."

त्रेसष्ट साली म्हसवडच्या वाचनालयानं सांगलीहून एक प्राध्यापक भाषणाला आणले. विषय होता गावाकडची नाटकं. प्राध्यापक बोलले छान. आकारामबापूंच्या नाटकांचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं, आणि शेवटी चष्मा पुसता पुसता म्हणाले, "पण मला एक शंका आहे. बापूंचं शिक्षण चौथीपर्यंतचं. त्यांना मी भेटलो. गप्पांत ते मोठे रंगतदार, पण नाटकातलं एक वाक्य कसं सुचलं म्हणून विचारलं की विषय बदलतात. ही नाटकं दुसऱ्याच कुणीतरी, बहुधा साताऱ्याच्या एखाद्या जाणत्या वकिलानं लिहून दिली असावीत."

झालं! दुसऱ्या दिवसापासून म्हसवडच्या चहाच्या हॉटेलात दुसरा विषय नव्हता. "चौथी शिकल्याला डोस्कं नसतंय व्हय?" म्हणून एक टोळी टेबलावर हात आपटायची. दुसरी टोळी म्हणायची, "मग सात-आठ साल झाली, एक ओळ का न्हाई लिवली?" वकिलाचं नाव तर जो तो आपल्या मनानं सांगत होता.

मोहिद्दीन दोन्हीकडचं ऐकत बसला. बापूंची बाजू घ्यावी असंही त्याला वाटेना आणि प्राध्यापकांची घ्यावी असंही नाही. त्याला वेगळंच काहीतरी खात होतं. चिमाबाईचं बोलणं त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं. ते म्हणताना समोरच्या बायका पदरानं डोळे पुसत, आणि त्याला स्वतःलाही कधीकधी पुढचं वाक्य जड जाई. इतकी वर्षं आपण बोललो ते बोलणं होतं तरी कुणाचं? आणि साताऱ्याच्या वकिलाला बायकांच्या पोटातलं इतकं कळलं कसं?

घरी बायको रहिमतबीला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "अजी, जिसने लिखा उसने लिखा. तुमकू क्या करना है?"

"ठाव करून घ्यायचं हाय," मोहिद्दीन म्हणाला.

त्याचा पहिला फेरा झाला खडकाळीला, बापूंच्याच घरी. बापू शिवारात होते. त्यांची बायको रंगूबाई ओसरीवर बसली होती. मोहिद्दीननं पेटी उघडली, हिरव्या काकणांची माळ काढली, तिचा हात चोळून मऊ केला आणि अलगद विषय काढला.

"काकी, बापू लिहायला कवा बसायचे ओ? पहाटं का सांजचं?"

रंगूबाईनं आधी शिवाराच्या वाटेकडं नजर टाकली. मग म्हणाली, "खरं सांगू? मी त्येंस्नी लिवताना बघितलंच न्हाई. बोलताना बघितलं. मुंबईहून यायचे ते नाटक घिऊनच यायचे. हितं आल्यावर नुसतं बोलून दाखवायचे, पाटील व्हायचे, सासू व्हायचे. मी हसून हसून पडायची."

"आन् आता?"

"आता न्हाई बोलत. मुंबई सुटली तवाधरनं." तिनं हात किंचित मागं ओढला. "का रं इचारतूस? त्यो सांगलीचा मास्तर काय बोलला ते मी बी ऐकलंय."

"मला माजंच इचारायचं हाय काकी. मी चिमा हुतो न्हवं?"

ती हसली आणि भरलेला हात उजेडात धरून काकणं बघू लागली. मोहिद्दीनच्या मनानं मात्र एवढं धरलं, की नाटकं मुंबईहून यायची, साताऱ्याहून नव्हे.

असे काही महिने गेले. सुगी उरकली आणि खडकाळीच्या बौद्धवाड्यातून निरोप आला. भामाबाईच्या लेकीचं, आक्काताईचं, लग्न ठरलं होतं. मोहिद्दीन गेला. अंगणात पाच-सात बाया जमल्या होत्या. भामाबाई म्हातारी, भिंतीला टेकून सुपारी कातरत बसलेली. भरण्याचं काम चाललं होतं तेवढ्यात एकजण म्हणाली, "मामा, तुमी म्हनं नाटकात बाई व्हायचा. म्हनून दावा की कायतरी."

मोहिद्दीनला आग्रह फार लागत नसे. त्यानं खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला, डोळे खाली घातले आणि चिमाबाईचं विहिरीवरचं बोलणं सुरू केलं. नाटकात चिमाबाई पाटलाची सून. खोट्या आळामुळं गाव तिला वाळीत टाकतं, तिला विहिरीला हात लावायची बंदी होते. ती रिकामी घागर घेऊन लांब उभी राहते आणि म्हणते:

"मी हिरीवर येती तवा तोंडाकडं कुनाच्या बघत न्हाई. सावलीकडं बघती. सावली थांबली की समजायचं, आज पानी मिळंल. सावली पुढं गेली की घागर उपडी घालून तिच्यावर बसायचं. लय बायका वळकती मी सावलीवरनं. पाटलाची थोरली आली की सावली रुंद पडती, थांबत न्हाई. सोनाराची सून आली की तिची सावली आदी हिकडं बगती, तिकडं बगती, मग घागरीत पानी वतती..."

"वतती न्हाई रं," भिंतीकडून आवाज आला. "सोडती."

मोहिद्दीन थांबला. भामाबाईच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला होता.

"वतायचं म्हंजी जवळ येऊन, घागरीला घागर लावून," ती म्हणाली. "आमच्या घागरीला कोन लावतंय? वरनं, लांबनं धार सोडायची. निम्मं पानी भुईवर. हे बोलनं तुला कुनी सांगितलं?"

"आत्ती, नाटकातलं हाय. बापूंच्या."

"आकाराम्याच्या?" म्हातारी पुढं सरकली. "सोनाराची सून आदी हिकडं-तिकडं बगायची, आन् मग पानी सोडायची. दुष्काळाच्या सालात. हे मी माज्या सिद्धूला सांगितलंय, त्यो एवढासा हुता तवा. कडंला बसून ऐकायचा. दुसऱ्या कुनाला कशापायी सांगू?"

"तुमी नाटक कवा बघितलं न्हाई?"

"आमाला बसवायचे लांब, पार वडाच्या पल्याड. दिसायचं, ऐकू यायचं न्हाई. मग मी जायाचंच सोडलं."

"सिद्धूदादा कुठं असत्यात आत्ती?"

"सांगलीला हळदीच्या वखारीत. काटा सांभाळतुया. त्येच्या आदी मुंबईला हुता. गिरनीत. आकाराम्याच्याच खात्यात."

आक्काताईच्या हातात निम्माच चुडा भरला होता. मोहिद्दीननं तो पुरा केला खरा, पण दोन काकणं त्या दिवशी त्याच्या हातात टिचली. तसं कधी होत नसे.

लग्नात सिद्धू आला होता, पण त्या गर्दीत त्याला गाठायची संधी मिळाली नाही. पुढच्या महिन्यात माल आणायचं निमित्त करून मोहिद्दीन एस.टी.नं विट्यावरून सांगलीला उतरला. हळदीच्या पेठेत शिरला तेव्हा माणसं, भिंती, बैल, सगळं पिवळं. सिद्धू काट्याशी उभा होता. उंच, सावळा, केस पांढरे व्हायला लागलेले, बोलणं हळू. जेवणाच्या सुट्टीत दोघं वखारीच्या मागच्या सावलीला बसले. मोहिद्दीननं आडवळण न घेता विचारलं, "दादा, बापूंची नाटकं तुमी लिवली का?"

सिद्धू त्याच्याकडं बघत राहिला. "कुनी पाठवलं तुला? त्या प्राध्यापकानं?"

"न्हाई ओ. मी चिमाबाईचं काम केलंय. लय वर्सं."

"तू?" सिद्धूचा चेहरा एकदम उजळला. "मग म्हनून दाव."

मोहिद्दीननं टॉवेल डोक्यावर घेतला. हमाल थांबून बघू लागले. सोनाराच्या सुनेपाशी आल्यावर त्यानं मुद्दाम "वतती" म्हटलं.

"सोडती," सिद्धू लगेच म्हणाला. "कुनी बदललं रं त्ये?"

मग मोहिद्दीननं भामाबाईच्या अंगणातली गोष्ट सांगितली. सिद्धूनं भाकरीचं फडकं गुंडाळून बाजूला ठेवलं. मग त्यानं जे सांगितलं ते असं. मुंबईत दोघं एकाच खात्यात. बापूंचा आवाज खणखणीत, नकला करण्यात हातखंडा, पण लिहायला बसले की पेन्सिल चावत राहायचे. सिद्धू सातवी झालेला. तो लिहायचा. पहिलं नाटक पुरं झालं तेव्हा बापूच म्हणाले होते की दोघांची नावं घालू. सिद्धूनंच नको म्हटलं. "माजं नाव बघितलं असतं तर गावानं पडदाच बांदू दिला नसता. मला नाटक व्हायला पायजे हुतं, मोहिद्दीन. नावाचं तवा काय वाटलं न्हाई. आन् पाटलाच्या सुनंच्या तोंडात घातलं म्हनून तर लोकांनी माज्या आईचं बोलनं ऐकून घेतलं."

"मग थांबलं का?"

"छप्पन साली नागपूरला गेलो. दीक्षा घेतली. परत आल्यावर बापूंनी पुढच्या सालचं नाटक मागितलं. मी म्हनलं, बापू, आता लिवीन ते माज्या नावानं. ते म्हनले, गावाला इचारतो. कुनाला इचारलं न्हाई त्यांनी. भ्याले. त्याच साली गिरनी सोडून गेले. भांडन न्हाई, शिवी न्हाई. नुसतं बोलनं बंद."

"तवाधरनं लिवलं न्हाई तुमी?"

"एक लिवलंय. पडून हाय. कोन करनार?"

"मी करतो," मोहिद्दीन म्हणून गेला. शब्द गेला तो गेला.

परत येताना तो खडकाळीला उतरला. बापू विहिरीवर, मोटेच्या धावेवर बसले होते. मोहिद्दीननं रामराम केला आणि म्हणाला, "बापू, सांगलीला गेलतो. सिद्धूदादा भेटले."

बापू मान खाली घालून बैलाची वेसण चाचपत राहिले. कोण सिद्धू म्हणाले नाहीत की काय म्हणाला म्हणाले नाहीत. मग विचारलं, "बरा हाय का? खोकला हुता त्येला. गिरनीतनं लागलेला."

"बरा हाय. त्येचं नवं नाटक करतोय आमी. त्येच्या नावानं. सांगलीत. तुमी यायचं."

"मी कशाला रं?" बापू म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

नाटक उभं करताना मोहिद्दीनचा जीव मेटाकुटीला आला. म्हसवडची जुनी मंडळी निम्मी आली, निम्म्यांनी लेखकाचं नाव ऐकून काम निघाल्याचं सांगितलं. उरलेली माणसं सिद्धूच्या वस्तीतली तरणी पोरं. बाईच्या कामाला आता खरी बाई हवी म्हणून मिरजेची एक नटी ठरवली, आणि तिला थांबायचं कुठं, पदर सावरायचा कधी हे शिकवायला मोहिद्दीन. नाटक होतं एका सुईणीचं. साऱ्या गावाची बाळंतपणं ती करते, आणि तिच्याच सुनेच्या वेळी तिला वैद्याच्या दारात कोणी उभं करत नाही. नाव 'हातगुण'. चौसष्टच्या हिवाळ्यात सांगलीत नदीकडच्या मैदानात, दिवस मावळायच्या सुमारास पडदा वर गेला. पाटीवर ठळक अक्षरात सिद्धूचं नाव.

बापू आले होते. रंगूबाईला घेऊन, फेटा बांधून, मागच्या रांगेत. प्राध्यापक पुढं होते. भामाबाईला सिद्धूनं अगदी पहिल्या ओळीत, सतरंजीवर बसवली होती.

पहिला अंक संपतो तोच गर्दीतून आवाज उठला, "आरं, ही तर आकारामबापूंची नक्कल हाय!" दुसरा म्हणाला, "नक्कल कसली, चोरी म्हना. ह्यी भाषा बापूंचीच." शिट्ट्या झाल्या. विंगेत सिद्धू खांबाला धरून उभा होता. मोहिद्दीनला कळेना, हा हसतोय की रडतोय!

तेवढ्यात मागच्या रांगेतून फेटा उठला. बापू माणसांतून वाट काढत स्टेजवर चढले. त्यांना ओळखून टाळ्या पडल्या. बापूंनी हात वर केला. आवाज तोच, मैदानाच्या शेवटापर्यंत जाणारा.

"चोरी म्हनू नगा," ते म्हणाले. "चोरी झालीच असंल तर ती म्या केलीय. आजपत्तुर माज्या नावानं जेवढी नाटकं झाली ती ह्या सिद्धूनं लिवली. म्या नुस्ता बोललो. चिमाबाई माजी न्हवं, ह्येची हाय. ह्ये म्या आदीच सांगायला पायजे हुतं. भ्यालो."

मागच्या रांगेतले लोक उभे राहून बघू लागले. आणि मग कुणीतरी गहिवरून ओरडलं, "वा बापू! केवढं मोठं मन!" आणि जी टाळी पडली ती थांबेचना. नव्या लेखकाला वर काढायला आपलं सगळं नाव ओवाळून टाकणारा असा माणूस होणे नाही, असं लोक एकमेकांना सांगू लागले. दोघं-तिघं स्टेजवर चढून बापूंच्या पाया पडले. बापू त्यांना हातानं ढकलत होते. "आरं, खरंच सांगतोय! देवाशपत!" तसतशी टाळी वाढत होती. प्राध्यापकही उभे राहून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, ज्येष्ठ नाटककाराची नवोदिताला अभूतपूर्व शाबासकी.

विंगेत आल्यावर बापू मटकन खोक्यावर बसले. "गड्या, खरं बोललो, तरी..."

सिद्धू इतका हसत होता की त्याला खोकला लागला. "बापू," तो डोळे पुसत म्हणाला, "तुमी नट लय भारी. तुमी खरं बोलला तरी लोकास्नी काम केल्यागत वाटतंय. काय करायचं?" आणि त्यानं बापूंच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या धरला. इतक्या वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले ते असं.

दुसरा अंक कुणी शिट्टी न मारता बघितला.

पुढं बरंच झालं. म्हसवडच्या पंचांनी 'हातगुण' यात्रेत घ्यायचं ठरवलं, पण पत्रकावर 'आकारामबापूंच्या आशीर्वादानं' असं छापायची अट घातली. सिद्धू नको म्हणाला. मग ते नाटक दहिवडीला झालं, विट्याला झालं, शिरवळला झालं, आणि सदुसष्ट साली सिद्धूचं आणखी एक आलं. जुनी पुस्तकं मात्र बापूंच्याच नावानं छापली जात राहिली. पुस्तकवाल्याला बापूंनी स्वतः जाऊन सांगितलं, तर तो हात जोडून म्हणाला, "बापू, तुमचा विनय आम्हाला ठाऊक आहे." अडुसष्टला बापू वारले. शोकसभेत प्राध्यापकांनी आपली जुनी शंका जाहीरपणे मागं घेतली. इतक्या थोर मनाचा माणूसच असं लिहू शकतो, असं ते म्हणाले.

मोहिद्दीननं खरं काय ते लपवलं नाही. ज्या घरी विषय निघे त्या घरी तो काकणं भरता भरता सगळं सांगायचा. काहींना पटे. काही म्हणत, मामा, तुमी बी नाटकवालंच की. त्याला त्याचा राग येत नसे. उलट कुणाला काय पटतं आणि का, हे तो आता कान देऊन ऐकत बसे.

एकदा विट्याच्या खेळानंतर त्यानं भामाबाईला विचारलं, "आत्ती, कसं वाटलं?"

म्हातारी बैलगाडीत चढत होती. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "सुईण झाली त्या बाईला सांग, नाळ तशी धरत न्हाईत. उद्या घरी लावून दे तिला. दावती मी."